इमॅन्युएल सेलर: अमेरिकेतल्या मराठी घरांना फारसा माहीत नसलेला एक खासदार

गोदाकाठ (धागाकर्ता)

३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून स्थलांतराच्या एका कायद्यावर सही केली. अमेरिकेत आज जी महाराष्ट्र मंडळं, गणेशोत्सव, रविवारच्या मराठी शाळा दिसतात, त्या जवळजवळ सगळ्या त्या सहीनंतरच्या. कायद्याचं नाव हार्ट-सेलर. हार्ट म्हणजे मिशिगनचे सिनेटर फिलिप हार्ट. पण सेलर कोण, हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या फार थोड्यांना सांगता आलं. श्रेय एकतर केनेडींना जातं, नाहीतर जॉन्सनना. म्हणून हा धागा.

इमॅन्युएल सेलर यांचा जन्म ६ मे १८८८ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. ज्यू कुटुंब, आजी-आजोबा जर्मनीतून आलेले. वडिलांचा व्हिस्कीचा धंदा होता, तो बुडाला. वडील गेल्यावर मुलाने दारोदार वाइन विकत कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण पुरं केलं आणि १९१२ मध्ये तिथूनच वकील होऊन बाहेर पडला. १९२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीला उभे राहिले. प्रचाराचे मुद्दे दोन: दारूबंदी चूक आहे आणि राष्ट्रसंघ हवा. थोडक्या मतांनी निवडून आले ते पुढे जवळजवळ ५० वर्षं त्या सभागृहातून हलले नाहीत.

सभागृहात गेल्या गेल्या त्यांच्यासमोर जे मोठं विधेयक आलं ते १९२४ चं जॉन्सन-रीड. (हे जॉन्सन वेगळे, वॉशिंग्टन राज्यातले खासदार अल्बर्ट जॉन्सन.) कुठल्या देशातून वर्षाला किती माणसं घ्यायची, हे १८९० च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले किती लोक अमेरिकेत होते त्यावरून ठरवायचं, त्यांच्या २ टक्के. १८९० च का? त्यानंतर १९०० आणि १९१० च्या जनगणना झाल्या होत्या, १९२० चीसुद्धा हाताशी होती. पण इटालियन, पोलिश, रशियन ज्यू यांचे लोंढे १८९० नंतर आले. त्यांना मोजायचंच नव्हतं. इटलीचा वर्षाचा कोटा ४२ हजारांवरून एकदम ३,८४५ वर आला. सेलर यांच्या मतदारसंघात राहत होते ते हेच लोक. पस्तिशीतल्या या नवख्या खासदाराने उभं राहून सांगितलं की हे विधेयक माणसामाणसांत उच्चनीच ठरवणारं आहे. विधेयक ३२३ विरुद्ध ७१ मतांनी मंजूर झालं.

ते ज्या दिवशी हरले त्या दिवसापासून हे देशवार कोटे मोडणाऱ्या १९६५ च्या हार्ट-सेलर कायद्यापर्यंत ४१ वर्षं जातात. या ४१ वर्षांत त्यांनी हा विषय सोडला नाही. सह्या करताना पेन धरलेल्या राष्ट्राध्यक्षांचे फोटो आपण बघतो. मला त्या मधल्या ४१ वर्षांबद्दल लिहायचं आहे. जाणकारांनी भर घालावी.

सांगलीवाडी

छान विषय. एक मूलभूत शंका. १९२४ चा कायदा इटालियन आणि ज्यूंविरुद्ध होता असं तुम्ही म्हणता. मग आपल्या लोकांचं काय? तेव्हा पंजाबी शेतकरी कॅलिफोर्नियात होते ना?

जुनीकागदपत्रं

सांगलीवाडी, आपल्या लोकांवर त्याआधीच कुलूप लागलं होतं. १९१७ च्या कायद्याने आशियाचा एक भलामोठा पट्टा आखून तिथून येणाऱ्यांना बंदी केली. हिंदुस्थान त्यात होता. आणि जे आधीच येऊन राहिले होते त्यांना नागरिकत्वाचा प्रश्न. १७९० पासून कायदा म्हणत होता की 'स्वतंत्र गोऱ्या माणसालाच' नागरिकत्व मिळेल. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियाई मधल्यामध्ये लटकले.

काही वर्षं न्यायालयागणिक निकाल वेगळे लागत. भिकाजी बलसारा या पारशी व्यापाऱ्याला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९१० मध्ये नागरिक मानलं. पण फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात भगतसिंग थिंद यांचा निकाल लागला. हे गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होते. न्यायालय म्हणालं, वंशशास्त्र काहीही सांगो, सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. त्यानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णोदास बगाई यांचंही गेलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने जमीनजुमला धरून ठेवता येईना, अमेरिकी पासपोर्ट मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि मागे ठेवलेलं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं.

थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. लॉस एंजेलिसमध्ये वकिली करत, स्वतः १९१४ मध्ये नागरिक झालेले. थिंद खटला हरल्यावर सरकार त्यांच्याच नागरिकत्वावर आलं. पंडित स्वतःचा खटला मात्र जिंकले: मला दिलेल्या शब्दावर विसंबून मी इथे आयुष्य उभं केलं, आता तुम्ही मागे फिरू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला, आणि मग बाकीच्यांमागचा ससेमिराही थांबला. या माणसावर कुणीतरी वेगळा धागा काढायला हवा.

गोदाकाठ

जुनीकागदपत्रं, मनापासून आभार. सेलर यांचं नाव आपल्या इतिहासात पहिल्यांदा येतं ते इथेच.

१९४३ मध्ये अमेरिकेने चिनी लोकांवरची बंदी उठवली, कारण चीन युद्धातला मित्र होता. मग हिंदी लोकांनी विचारलं, आमचे लाखो सैनिक दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढताहेत, आमचं काय? न्यूयॉर्कमधले व्यापारी जे. जे. सिंग 'इंडिया लीग ऑफ अमेरिका'चे अध्यक्ष होते. त्यांनी वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. १९४४ मध्ये दोन खासदार पुढे आले: रिपब्लिकन पक्षाच्या क्लेअर बूथ ल्यूस आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे सेलर. दोघांचं एरवी फारसं जमण्यासारखं नव्हतं. कामगार संघटनांच्या महासंघाचा विरोध, दक्षिणेतल्या खासदारांचा विरोध. शेवटी २ जुलै १९४६ रोजी ट्रूमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर सही केली. हिंदुस्थानातून वर्षाला १०० माणसं, फिलिपिन्समधून १००, आणि दोन्हीकडच्या लोकांना नागरिकत्वाचा हक्क.

शंभर! त्याच वेळी ब्रिटनचा कोटा ६५,७२१ होता आणि तो वर्षानुवर्षं भरतही नव्हता. पण १९४० च्या जनगणनेत अख्ख्या अमेरिकेत हिंदी माणसं होती २,४०५. त्यांच्यासाठी नागरिकत्वाचं कलम शंभरच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून थेट प्रतिनिधिगृहात निवडून आले, आशियाई वंशाचे पहिले खासदार. ज्या कायद्यामुळे ते उभे राहू शकले, तो मांडणारे सेलर तेव्हा त्याच सभागृहात न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते.

मीनाक्षी_ठाणे

वाचतेय. मधल्या काळात युरोपात ज्यूंचं जे झालं त्या वेळी हे काय करत होते? स्वतः ज्यू खासदार, आणि स्वतःच्या पक्षाचे रूझवेल्ट सत्तेवर.

गोदाकाठ

त्या काळात त्यांची कुचंबणा झाली, पण ते गप्प बसले नाहीत. रूझवेल्ट यांचे ते समर्थक होते आणि निर्वासितांच्या बाबतीत त्याच सरकारवर टीकाही करत होते. परराष्ट्र खात्यात ब्रेकिनरिज लाँग नावाचे अधिकारी व्हिसाचं काम बघत. १९४३ च्या अखेरीस त्यांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की १९३३ पासून आपण ५ लाख ८० हजार निर्वासित घेतले. आकडा फुगवलेला होता. सेलर यांनी जाहीरपणे त्यांना खोटं पाडलं. परराष्ट्र खात्यात निर्वासितांबद्दल सर्वांत कमी कणव कुणाला असेल तर या माणसाला, असं म्हणाले. जानेवारी १९४४ मध्ये रूझवेल्टनी निर्वासितांसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं. त्यात अर्थखात्यातल्या तरुण अधिकाऱ्यांचा वाटा मोठा होता, सेलर यांच्यासारख्यांनी बाहेरून दाब ठेवला होता. आणि तोवर फार उशीर झाला होता हेही तितकंच खरं. १९२४ चा कोटा नसता तर किती माणसं वाचली असती, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या सगळ्या भाषणांच्या मागे उभा आहे असं मला वाटतं.

अर्थशून्य

आम्हा अर्थशास्त्रवाल्यांना सेलर हे नाव वेगळ्याच कारणाने माहीत आहे, म्हणून थोडी भर. सेलर-केफॉवर कायदा, १९५०. १९१४ च्या क्लेटन कायद्यात एक पळवाट होती: स्पर्धा मारण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे शेअर घ्यायला बंदी, पण तिची मालमत्ता विकत घ्यायला नाही. मग कंपन्या कारखाने, यंत्रं, गोदामं विकत घ्यायच्या आणि शेअरचं रिकामं टरफल मागे ठेवायच्या. सेलर आणि सिनेटर एस्टेस केफॉवर यांनी ती पळवाट बुजवली. १९६२ चा ब्राउन शू खटला हा त्या कायद्याखालचा सर्वोच्च न्यायालयातला पहिला मोठा निकाल. बेसबॉलच्या मक्तेदारीवरही सेलर यांनी १९५१ मध्ये सुनावण्या घेतल्या होत्या. विषय थोडा बाजूला जातोय, पण हा माणूस एकसुरी नव्हता.

गोदाकाठ

अजिबात बाजूला नाही. पण मला आता १९६४ कडे यायचं आहे, कारण १९६५ चा कायदा १९६४ शिवाय झालाच नसता. स्थलांतराच्या कायद्याची चर्चा आपल्याकडे नेहमी तेवढीच सुटी काढून होते, ते बरोबर नाही.

सेलर १९४९ मध्ये न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले. मधली दोन वर्षं (१९५३ ते ५५, रिपब्लिकन बहुमत) सोडली तर १९७३ पर्यंत ती खुर्ची त्यांची. नागरी हक्कांचं प्रत्येक विधेयक या समितीतून जायचं: १९५७, १९६०, १९६४, मग १९६५ चा मतदान हक्क कायदा. मतदानासाठी कर भरायची अट काढणारी २४ वी घटनादुरुस्तीही इथूनच.

१९६३ मध्ये केनेडींचं नागरी हक्क विधेयक आलं. सेलर यांच्या उपसमितीने ते इतकं कडक केलं की खुद्द केनेडींचे लोक घाबरले, एवढं कडक विधेयक मंजूर कसं होणार म्हणून. मग ओहायोचे रिपब्लिकन खासदार विल्यम मॅकलक यांच्याबरोबर तडजोड झाली. समितीतून विधेयक बाहेर आलं आणि रूल्स कमिटीत अडकलं. तिचे अध्यक्ष व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ. रूल्स कमिटीने वेळ दिल्याशिवाय विधेयक सभागृहापुढे येत नाही, आणि स्मिथ सुनावणीच लावेनात. नागरी हक्कांची विधेयकं दाबून ठेवण्यात त्यांची हयात गेली होती.

अशा वेळी एक हत्यार असतं, डिस्चार्ज पिटिशन. २१८ खासदारांनी, म्हणजे निम्म्याहून एक जास्त, सह्या केल्या तर अध्यक्षाच्या हातून विधेयक काढून घेता येतं. डिसेंबर १९६३ मध्ये सेलर यांनी तो अर्ज टेबलावर ठेवला. सह्या पूर्ण व्हायच्या आतच स्मिथ यांनी वारं ओळखलं आणि जानेवारीत सुनावणी लावली. १० फेब्रुवारी १९६४ रोजी विधेयक २९० विरुद्ध १३० ने मंजूर झालं.

वंशावरून नोकरी, हॉटेल, शाळा नाकारता येणार नाही असं एकदा देशाने ठरवल्यावर, वंशावरून व्हिसा नाकारणारा कायदा कुठल्या तोंडाने ठेवणार? काळ्या माणसांनी लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन जी जमीन तयार केली तिच्यावर आपला कायदा उभा आहे. आपल्या घरांतून त्या लोकांबद्दल कधी कधी जे बोललं जातं ते ऐकवत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

वऱ्हाडी_मन

शेवटच्या परिच्छेदाला +१.

पण एक प्रश्न. १९६५ मध्ये सेलर यांनीच सभागृहात सांगितलं होतं ना, की या कायद्याने आशिया-आफ्रिकेतून फार माणसं येणार नाहीत, कारण त्यांचे इथे नातेवाईकच नाहीत? मग आपण त्यांचे आभार मानायचे म्हणजे त्यांच्या हातून अनवधानाने झालेल्या गोष्टीचे मानायचे का?

गोदाकाठ

हो, तसं ते बोलले होते. प्रश्न रास्त आहे. कायद्याची रचना बघू. पूर्व गोलार्धाला वर्षाला १ लाख ७० हजार व्हिसा, कुठल्याही एका देशाला २० हजारांच्या वर नाही. त्यातले ७४ टक्के नातेवाइकांसाठी. व्यावसायिकांची 'तिसरी पसंती' फक्त १० टक्के, कामगारांची सहावी १० टक्के, उरलेले ६ टक्के निर्वासितांसाठी. मूळ प्रस्तावात कौशल्याला पहिली जागा होती. स्थलांतर उपसमितीचे अध्यक्ष मायकेल फायगन यांनी नातेवाइकांना वर आणलं. हिशोब असा की आज इथे बहुसंख्य युरोपीय आहेत, तर नातेवाईकही तेच येतील आणि देशाचा चेहरा बदलणार नाही. हा हिशोब दाखवूनच अनेक कुंपणावरच्या खासदारांची मतं मिळाली. सेलर यांनीही तो मांडला.

मनातून त्यांना काय वाटत होतं, ते मी सांगू शकत नाही. पण १९४४ पासून हिंदी लोकांसाठी विधेयक मांडणारा माणूस आशियाई येऊ नयेत म्हणून झगडला असेल हे पटत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की माणूस कुठे जन्मला यावरून त्याला मोजू नका. मग किती येतील, कोण येतील, हा पुढचा भाग.

मिशिगनच्या_आजी

मुलाने हा धागा वाचायला दिला. मी सहसा लिहीत नाही, आज लिहिते.

आमचे हे मुंबईच्या मेडिकल कॉलेजातून शिकलेले. १९७० च्या सुमाराला आमच्या घरात 'थर्ड प्रेफरन्स' हा शब्द इतका बोलला जायचा की सासूबाईसुद्धा म्हणायच्या, 'याचं थर्ड प्रेफरन्सचं पत्र आलं का?' तो शब्द कुणी, कुठे, कशासाठी लिहिला हे आज कळलं. परकीय चलनाची तेव्हा इतकी टंचाई की माणसाला आठ डॉलर घेऊन निघावं लागायचं. हे तसेच आले. मी मागून आले.

आणि वरचा नातेवाइकांचा हिशोब वाचून एक सांगावंसं वाटलं. आम्ही नागरिक झाल्यावर 'फिफ्थ प्रेफरन्स'मधून, म्हणजे भावंडांच्या गटातून, माझ्या धाकट्या भावाचे कागद केले. त्याने पुढे मेव्हण्याचे. आमच्या मंडळात घरोघरी हेच. आधी एक डॉक्टर किंवा इंजिनिअर, मग त्याची भावंडं, मग आईवडील. ज्या फायगन साहेबांना वाटलं नातेवाईक युरोपातून येतील, त्यांना आपल्याकडे किती नातेवाईक असतात याची कल्पना नसावी. युरोपची घडी तोवर बसली होती, तिथल्या लोकांना यायचंच नव्हतं. यायचं आम्हाला होतं.

सेलर साहेबांचं नाव मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात पाच मिनिटं मागून घेणार आहे.

गोदाकाठ

आजी, नमस्कार. तुम्ही दोन परिच्छेदांत जे सांगितलंत ते मला एवढं लिहून सांगता आलं नसतं. कार्यक्रमात जरूर बोला. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. नवा कायदा पूर्णपणे लागू झाला तो १ जुलै १९६८ पासून. तारखा शेजारी ठेवल्या की सगळं दिसतं.

बॅकलॉगमधला

सगळं आदराने वाचलं. पण ती '२० हजारांच्या वर नाही' ही अट वाचून थांबलो. देश लहान असो की मोठा, सगळ्यांना सारखीच मर्यादा. १९९० च्या कायद्याने तिची टक्केवारी केली, एका देशाला ७ टक्के. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला १ लाख ४० हजार, त्यात भारताचा हक्काचा वाटा दहा हजारांहून कमी. आइसलंडलाही मर्यादा तेवढीच. त्यामुळे माझ्यासारखे लाखो लोक रांगेत आहेत. मुलगी इथे दहावीत आहे, ती २१ ची झाली की माझ्या अर्जातून बाहेर पडेल. आधीच्या कंपनीने कागद वेळेत भरले नाहीत, ती वर्षं वेगळीच गेली. जन्माच्या देशावरून मोजायचं नाही म्हणणाऱ्या माणसाच्या कायद्यात माझा जन्मदेशच मोजला जातो आहे. राग नाही, पण हे नोंदवलंच पाहिजे.

गोदाकाठ

नोंदवलंत ते फार बरं झालं. १९६५ मध्ये ही मर्यादा समतेची खूण म्हणून आली: ब्रिटनला ६५ हजार आणि भारताला १०० याऐवजी सगळ्यांना एकच. भारतातून त्या मर्यादेच्या पलीकडे माणसं येऊ बघतील हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १९६० मध्ये भारतात जन्मलेली जेमतेम १२ हजार माणसं अमेरिकेत होती. आज भारतीय वंशाची लोकसंख्या ५० लाखांच्या घरात आहे. ही मर्यादा काढायचं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ ने मंजूर झालं होतं. सिनेटने २०२० च्या डिसेंबरमध्ये वेगळा मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि मुदत संपली.

याच कायद्यातली दुसरी बाजूही सांगतो. मेक्सिको आणि बाकी पश्चिम गोलार्धावर तोवर संख्येची मर्यादाच नव्हती. सेलर यांच्या विधेयकातही नव्हती. सिनेटमध्ये सॅम अर्विन आणि एव्हरेट डर्कसन यांनी ती अट घातली, वर्षाला १ लाख २० हजार. पिढ्यान्‌पिढ्या शेतीच्या हंगामात ये-जा करणारी माणसं त्यामुळे बेकायदेशीर ठरू लागली. आपल्याला मिळालं त्याच कागदावर त्यांचं गेलं.

शाल्मली_द

गोदाकाठ, धागा उत्तम चालला आहे, पण एक गोष्ट अजून कुणी काढली नाही, ती मी काढते. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती, इआरए. ती कोणी अडवली? याच सेलर यांनी. समितीच्या अध्यक्षपदी असताना वर्षानुवर्षं त्यांनी तिच्यावर सुनावणीच घेतली नाही. १९६४ च्या विधेयकात नोकरीच्या कलमात 'लिंग' हा शब्द घालायची सूचना आली तेव्हाही त्यांनी विरोध केला. माझ्या घरात शेवटचे दोन शब्द नेहमी माझेच असतात, 'हो, प्रिये', असं म्हणून सभागृहाला हसवलं. त्यावर मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स उठून म्हणाल्या की बायकांना दुय्यम मानलं जातं याला पुरावा हवा असेल तर आत्ताचं हे हसणं पुरे.

आणि आता तुम्ही वर इतक्या तपशिलात सांगितलेलं ते हत्यार. १९७० मध्ये ग्रिफिथ्स यांनी डिस्चार्ज पिटिशन आणली. कुणाच्या समितीविरुद्ध? सेलर यांच्या. २१८ सह्या झाल्या, विधेयक त्यांच्या हातातून काढून घेतलं गेलं आणि ऑगस्टमध्ये प्रचंड बहुमताने मंजूर झालं. जे सेलर यांनी स्मिथ यांच्याशी केलं, तेच सात वर्षांच्या आत त्यांच्याशी झालं.

गोदाकाठ

शाल्मली, तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे आणि मी त्याचा बचाव करणार नाही. फक्त त्यांची भूमिका कुठून आली ते सांगतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बायकांच्या कामाचे तास मर्यादित ठेवणारे, रात्रपाळी रोखणारे कायदे झाले होते. घटनादुरुस्तीने ते रद्द होतील अशी भीती कामगार संघटनांना होती. एलेनॉर रूझवेल्ट यांचाही बराच काळ याच कारणाने विरोध होता. सेलर त्याच पिढीचे.

पण १९७० मध्ये ही सबब उरली नव्हती. कामगार संघटना भूमिका बदलू लागल्या होत्या, सेलर बदलले नाहीत. मला वाटतं तो त्यांचा स्वभावच होता: एकदा ठरवलं की चाळीस वर्षं तिथेच. कोट्याच्या बाबतीत ते इतकी वर्षं टिकले ते यामुळेच, आणि बायकांच्या बाबतीत चुकले तेही यामुळेच. फरक एवढाच की १९२४ मध्ये त्यांच्याकडे अध्यक्षाची खुर्ची नव्हती, १९७० मध्ये होती.

शाल्मली_द

स्वभाव मान्य. मी त्याहून जास्त खुर्चीला धरते. ज्येष्ठतेने मिळालेली खुर्ची, तिला ना मुदत ना जाब. हॉवर्ड स्मिथ यांच्याकडे होती तेव्हा ती वाईट आणि सेलर यांच्याकडे आली की चांगली, असं होत नाही.

वऱ्हाडी_मन

शेवटी ते हरले कसे, ते सांगा ना कुणीतरी.

शाल्मली_द

मीच सांगते. जून १९७२, डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक. सेलर ८४ वर्षांचे, सभागृहातले सर्वांत ज्येष्ठ सदस्य. समोर एलिझाबेथ होल्ट्झमन, वय ३०, वकील. सेलर म्हणाले, दात कोरायच्या काडीने वॉशिंग्टनचा स्तंभ पाडायचा प्रयत्न चालला आहे. होल्ट्झमन यांच्याकडे पैसे नव्हते. त्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनांबाहेर उभ्या राहून लोकांशी बोलल्या. मुद्दे तीन: व्हिएतनाम युद्धाला सेलर यांचा पाठिंबा, समान हक्कांच्या दुरुस्तीला विरोध, आणि खासदार असताना चालू असलेली त्यांची खाजगी वकिली. सहाशेच्या आसपास मतांनी जिंकल्या. तोवर अमेरिकी संसदेवर निवडून आलेल्या स्त्रियांत सर्वांत तरुण.

सेलर गेल्यावर समितीचे अध्यक्ष झाले न्यू जर्सीचे पीटर रोडिनो, आणि १९७४ मध्ये निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाची सुनावणी त्यांनी चालवली. समितीत होल्ट्झमन होत्या.

गोदाकाठ

यात एक भर घालतो, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. होल्ट्झमन यांनी सेलर यांना हरवलं, पण स्थलांतराचा विषय त्यांनी तिथूनच उचलला. १९७९ मध्ये त्या स्थलांतर उपसमितीच्या अध्यक्ष झाल्या आणि सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्याबरोबर १९८० चा निर्वासित कायदा त्यांनी केला. निर्वासित कुणाला म्हणायचं याची व्याख्या अमेरिकेच्या कायद्यात पक्की झाली ती तेव्हा. त्याआधी १९६५ च्या कायद्यातल्या ६ टक्क्यांच्या कप्प्यात साम्यवादी देशांतून किंवा मध्यपूर्वेतून पळालेलेच बसायचे. १९४३ मध्ये सेलर ज्यासाठी परराष्ट्र खात्याशी भांडत होते, त्याला रीतसर कायदा मिळाला तो त्यांना हरवणाऱ्या बाईंच्या हातून. सेलर तेव्हा हयात होते. १५ जानेवारी १९८१ रोजी ब्रुकलिनमध्येच ते गेले.

शाल्मली_द

आणि समान हक्कांच्या दुरुस्तीला राज्यांची मान्यता मिळवण्याची मुदत वाढवून घेणारं १९७८ चं विधेयकही होल्ट्झमन यांचंच. ३० जून १९८२ पर्यंत मुदत मिळाली. ३८ राज्यं हवी होती, ३५ वर अडकलं. सुनावणी वीस वर्षं आधी लागली असती तर ती तीन राज्यं मिळाली असती का, हे मी तरी सेलर यांच्या हिशोबातून सोडणार नाही. मिशिगनच्या आजी, तुमच्या पाच मिनिटांत होल्ट्झमन आणि ग्रिफिथ्स यांची नावंही घ्या. ग्रिफिथ्स तर तुमच्याच राज्याच्या.

मिशिगनच्या_आजी

घेते. पाचाची दहा मिनिटं मागून घेते. सखाराम गणेश पंडितांचंही सांगायचं आहे. जुनीकागदपत्रं, त्यांच्या खटल्याबद्दल आणखी लिहाल का?

जुनीकागदपत्रं

लिहितो आजी, नवीन धागा काढतो.